चोचीवरचं टोपण

मित्रांनो, मी एक जुनी आइस ॲक्स आहे. बर्फाळ डोंगर चढणारे लोक मला हातात धरतात. वर पोलादी चोच, मधे दांडा आणि खाली टोक, असं माझं रूप. माणूस घसरला, की त्याने छातीचा भार टाकून माझी चोच बर्फात रुतवायची आणि थांबायचं, एवढंच माझं काम. आधीच सांगते, मी तापट आहे. भट्टीत लाल होऊन घणाचे घाव खाल्ल्यावर कोण गोड बोलेल?

माझ्या पहिल्या मालकांनी मला वीस हिवाळे राबवलं. बर्फ फोडला, खडकांवर आपटलं, दर मोसमाआधी कानशीने घासलं. अंगभर ओरखडे पडले, पण मी सुखात होते. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी मला ऑफिसातल्या मित्राला, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या नरेंद्रकाकांना दिलं.

काका भला माणूस. पण त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. त्यांनी मला पॉलिश करून नव्यासारखं चकचकीत केलं, चोचीवर रबरी टोपण चढवलं आणि हॉलमध्ये टांगलं. पाहुणे वाहवा करायचे. आठ वर्षं मी ती वाहवा ऐकली आणि मनातल्या मनात ती भिंत फोडली.

गेल्या मार्चमध्ये त्यांची मुलगी अनया म्हणाली, "बाबा, व्हाइट माउंटन्सला जाऊया. बट प्रॉपर तयारी करून."

काकांनी यादी केली. लोकरीचे कपडे, बुटांखाली बांधायचे पोलादी काटे, थर्मास, काकांच्या बायकोच्या, लताकाकूंच्या हातच्या दशम्या. प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण झाली. माझ्यापुढेही झाली.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावल्यावर अनया म्हणाली, "बाबा, ॲक्सची कॅप काढ ना."

"वर गेल्यावर काढू. आत्ता काढली तर हरवेल."

"ओके, मग फॉल प्रॅक्टिस? घसरून थांबायची, या स्लोपवर दहा मिनिटं."

"अगं, इंजिनिअर आहे मी. फिजिक्स कळतं मला."

ती चढायला लागली. वर वाऱ्याने असे फटके मारले, की काका टोपण पार विसरून गेले. मी ओरडत होते, पण माझं कोण ऐकतं?

उतरताना घात झाला. दुपारी विरघळलेला बर्फ पुन्हा गोठून टणक झाला होता. अनया दहा पावलं खाली होती आणि तिच्याखाली काळे खडक. काकांचा पाय सटकला. त्यांनी पालथं होऊन मला छातीखाली दाबलं, अगदी बरोबर दाबलं. मी जीव खाऊन बर्फाला चावायला गेले, पण माझं तोंड बांधलेलं होतं. रबर तव्यावरच्या लोण्यासारखं घसरत राहिलं.

"अनया, बाजूला हो," काका किंचाळले.

ती हटली नाही. तिने आपली ॲक्स दोन्ही हातांनी बर्फात ठोकली आणि काका सगळ्या वजनानिशी तिच्यावर आदळले. त्यांच्या बुटांचे काटे तिच्या पोटरीत घुसले. मांस फाटलं आणि बर्फ लाल झाला. दोघं फरफटत गेले. तिच्या ॲक्सची उघडी चोच बर्फ चिरत कशीबशी थांबली, तेव्हा खडक हातभर अंतरावर होता.

"हलू नकोस, बाबा," ती दात आवळून म्हणाली. "आय गॉट यू."

काकांनी टोपण काढलं, तेव्हा मला त्यांचा एवढा राग आला की काय सांगू. मग ते लहान मुलासारखे रडले आणि माझा राग गेला. आता ते घरामागच्या टेकाडावर मला घेऊन मुद्दाम पडतात, घसरतात, पुन्हा चढतात. शेजारी हसतात. हसू देत.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपायचं असेल तर राबवा, झिजवा, हवं तर मोडा. अनयाच्या पोटरीला बावीस टाके पडले आणि ती अजून लंगडत चालते. माझ्या चोचीवर मात्र त्या दिवसाचा एक ओरखडाही नाही. मला त्याचीच लाज वाटते.