साठ टक्के पाऊस

"उतर खाली! पेंढ्याच्या गंजीवर बसून कुणी नोकरी मागतं का?" काका खळ्यातून ओरडले.

"काका, रेंज फक्त इथंच नीट येते. आणि ओरडू नका, दहा मिनिटांत मुलाखत आहे."

"ओरडतोय कुठं? बोलतोय मी!"

काकांचं बोलणं दोन शेतं ओलांडून जातं. मी कॉलर सरळ केली. कमरेच्या वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, कमरेखाली गोठ्यातली विजार, असा माझा थाट होता. हवामानतज्ज्ञ व्हायचं म्हणून ही तिसरी मुलाखत. पहिल्या वेळी घाबरून तोंडच उघडलं नाही, दुसऱ्या वेळी घाबरून ते मिटलंच नाही. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप होती.

फोन वाजला. पडद्यावर चष्मेवाल्या बाई आणि एक सर दिसले. सरांनी बहुतेक जन्मात कधी हसून पाहिलं नव्हतं.

"तुमच्याकडे उपकरणं कोणती?" बाईंनी विचारलं.

"कोरडा आणि ओला तापमापक, दाबमापक, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्रा."

"ओल्या तापमापकाला गुंडाळलेलं कापड कसलं?"

"काकांच्या जुन्या बनियनचं."

"काय गं!" खालून आवाज आला. "ती बनियन मी आठ दिवस शोधतोय!"

सर म्हणाले, "हे कोण?"

"काका. मका वाळवतायत."

"बरं. पुस्तक बाजूला ठेवा. आत्ता आकाशाकडे बघा आणि पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज सांगा."

मी मान वर केली. आकाशाचे आठ भाग केले तर पाच भाग ढग. पश्चिमेचे ढग बुडाशी काळे. सकाळपासून दाब घसरत होता, हवेत दमटपणा होता, आणि वारा नुकताच फिरला होता. हे सगळं सांगून मी म्हणाले, "पावसाची शक्यता साठ टक्के."

खळ्यात मका ओढायचं दाताळं आपटल्याचा आवाज झाला.

"साठ टक्के म्हणजे काय? अख्ख्या हंगामाचा मका पसरलाय इथं! गोळा करू का नको?"

"काका, दहापैकी सहा वेळा—"

"मला दहा वेळा नकोत! मला आजचं सांग!"

"अहो, तिची मुलाखत चाललीय," काकू म्हणाल्या.

"मग माझीपण चाललीय!"

पडद्यावर बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. सर मात्र पुढे वाकले. "त्यांचा प्रश्न बरोबर आहे. काय सांगता त्यांना?"

गोळा करा म्हणावं आणि पाऊस आला नाही तर? नको म्हणावं आणि आला तर? वाळलेला मका भिजला की त्याला बुरशी लागते. फुकट उचलला तर फक्त पाठ दुखते.

"गोळा करा!" मी ओरडले. माझा आवाजही दोन शेतं ओलांडून गेला. घराण्याचाच गुण तो.

"जा, मदत करा," बाई म्हणाल्या. "अर्ध्या तासानं आम्ही फोन करतो."

मी गंजीवरून घसरत थेट खळ्यात. मग जी धावपळ उडाली! काकू घमेलं भरतायत, काका पोत्यांची तोंडं बांधतायत, शेजारचा गिरणीवाला पिठानं माखलेला तसाच धावत आला आणि विचारू लागला, "कुणी गेलं का?" त्याला अर्ध्या तासाचा अंदाज सांगून त्याच्याही हातात पोतं दिलं. शेवटचं पोतं छपराखाली गेलं आणि चौघंही वर बघत उभे राहिलो.

ढगांनी जरा विचार केला आणि ते बाजूनं निघून गेले. लख्ख ऊन पडलं.

"कुठंय तुझा पाऊस?" काकांनी विचारलं.

"वेळ संपायला सात मिनिटं आहेत," गिरणीवाला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

सात मिनिटं गेली. थेंब नाही. मी पुन्हा गंजीवर चढले. शर्ट आता पांढरा नव्हता. फोन वाजला.

"आला पाऊस?" सरांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे अंदाज चुकला."

"एका वेळेवरून ते ठरत नाही, सर. मी शंभर टक्के म्हणाले असते तर चुकले असते. उद्या असंच आकाश दिसलं तर पुन्हा साठच म्हणेन. आणि पुन्हा मका उचलायला लावेन."

"द्या काकांना."

काका गंजीवर चढू लागले. गंज डुलायला लागली. काका माझ्या शेजारी येऊन बसले, पडद्याकडे बघून त्यांनी टोपी सरळ केली.

"पुढच्या वेळी ऐकाल हिचं?" सरांनी विचारलं.

"ऐकीन तर!" काका म्हणाले. "माझ्या कमरेचा काटा ढिला केला कार्टीनं. पण चुकू शकते हे आधी सांगून चुकलेलं माणूस आमच्या घरात हे पहिलंच."

सर हसले. खरंच हसले, दात दिसेपर्यंत. आणि त्याच क्षणी काकांच्या बाजूनं गंज बसली. काका, मी, पेंढा सगळं एका झटक्यात खाली. फोन कुठं गेला कळेना. आम्ही चौघं पेंढ्यात हात घालून शोधू लागलो. हसून हसून मला तर दिसतच नव्हतं.

"श्शू!" काकू म्हणाल्या.

पेंढ्याच्या पोटातून बाईंचा आवाज येत होता. "लागलं नाही ना कुणाला? ऐका, पत्र येईलच, पण आम्हा दोघांचंही मत तुमच्याच बाजूनं झालंय. प्रशिक्षण एक तारखेला सुरू होतं. याल ना?"

मी तोंड उघडायच्या आत काकांनी गुडघे टेकले, पेंढ्यात तोंड खुपसलं आणि दोन शेतांपलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं,

"येईल! मका परत पसरला की लगेच पाठवतो!"