खिडकीतून नेलेली खूण

सकाळचे अकरा वाजले होते. केशाने कापूस गुंडाळलेली काडी पुढे केली आणि ऑग्दोने ओठ घट्ट मिटून घेतले.

"आजी, गालाला आतून नुसती फिरवायची आहे. दुखत नाही," केशा म्हणाला.

"दात सगळे गेले माझे. आता काय, हिरड्या न्यायला आलास?" एवढे बोलून तिने ओठ पुन्हा मिटले.

चुलीपाशी तिची नात तुयारा लोण्यात घावन तळत होती. सातवा महिना सरत आला होता, म्हणून ती तव्यापासून जरा लांब उभी राहून हात लांबवत होती. "आजी, बिचारा शहरातून आलाय गं. काडी काही चावत नाही."

"तुला काय कळतंय. घावन जळतंय बघ."

मित्रांनो, त्या काडीवर जी यायची होती ती मी. मी एक जुनी खूण आहे, पेशीतल्या मजकुरात लिहिलेली. आईच्या अंगातून लेकरात उतरते. लेकरू मुलगी असेल तर तिच्याकडून पुढे जाते. मुलगा असेल तर त्याच्या अंगात आयुष्यभर राहते आणि त्याच्याबरोबर संपते. माझे सगळे जगणे एवढ्यावर चालते.

माझा जन्म नक्की कुठे झाला, हे मला सांगता येत नाही. बायकल सरोवराच्या आसपास कुठेतरी, असे काही अभ्यासक म्हणतात. काही जण आणखी पश्चिमेकडे बोट दाखवतात. हजारो वर्षांपूर्वी एका बाईच्या अंगात मूळ मजकुरातले एक अक्षर बदलले. तिला ते कळलेही नाही. तिने लेकीला जन्म दिला आणि मी निघाले. तेव्हापासून मी थांबलेली नाही. हरणांच्या कळपामागे गेले, गोठलेल्या नद्यांवरून गेले. माझ्या काही बहिणी पूर्वेकडे चालत राहिल्या आणि तेव्हा उघड्या असलेल्या जमिनीवरून अमेरिकेत पोचल्या. त्यांची माझी पुन्हा गाठ पडली नाही. मी उत्तरेकडे वळले आणि सायबेरियातल्या साखा लोकांच्या घरात शिरले. शिरले म्हणजे नवरी होऊन शिरले. दर पिढीला सामान बांधायचे, माहेर सोडायचे, परक्या चुलीला पहिला घास द्यायचा आणि तिथेच रुळायचे. रुळते न रुळते तोच लेक निघायची.

या घरांतल्या पुरुषांना बापाकडची नऊ नावे पाठ असत. लग्न जुळवताना ती बोटांवर मोजून म्हटली जात. आयांची नावे कोणी म्हटली नाहीत. मी त्यांच्या शेजारीच बसलेली असे, पण माझा उच्चार झाला नाही. अलीकडे प्रयोगशाळेतल्या लोकांना माझे मोल कळले. त्यांनी मला नाव म्हणून एक अक्षर आणि काही आकडे दिले. केशा त्यांच्यापैकीच. जुन्या आया कुठून कुठे गेल्या, याचा तो शोध घेत होता. आणि ऑग्दो ही अकुलिनाची मुलगी, अकुलिना गावातल्या सगळ्यात जुन्या घरातली, म्हणून तो इथे आला होता.

दुपारी त्याने दुसरा मार्ग काढला.

"आजी देत नसतील तर तू दे," तो तुयाराला म्हणाला. "आईकडून लेकीकडे जे येतं, ते दोघींचं एकच. आजींचं तेच तुझं."

तुयाराने काडी हातात घेतलीसुद्धा. ऑग्दोने ती अशी हिसकावली की टेबलावरचा दुधाचा चहा सांडला.

"केशा, बाहेर जा. जीप बघ तुझी. गोठली असेल."

"चालू आहे, आजी."

"मग बंद कर. जा म्हणते ना!"

केशा गेला. तुयारा संतापली होती. "आजी, माणसाशी असं वागतात? काय लपवतेस तू?"

ऑग्दोने घावनाचा तुकडा तोडून चुलीतल्या विस्तवाला दिला. मग ती पलंगावर बसली. पायाशी मोयतो निजले होते, गळ्याला पांढरा पट्टा असलेले कुत्रीचे काळे पिल्लू. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती बोलू लागली.

"एक कुत्री होती. लढाईच्या वर्षांतली गोष्ट. तिची पिल्लं जगत नव्हती. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. कोणीतरी त्यांच्या मागावर होतं."

"आजी, मी काय विचारतेय आणि तू काय..."

"ऐक. चौथं झालं तेव्हा शेजारची कुत्री आली. दारातून नाही, खिडकीतून हात घातला आणि पिल्लू उचलून घेऊन गेली. पाळण्यात दुसरंच काहीतरी ठेवलं. मागावरचा आला, पाळण्यात बघितलं, फसला."

"मग आईने परत नाही आणलं पिल्लू?"

"बाळसं धरलं की आणायचं ठरलं होतं. त्या हिवाळ्यात लोक झाडाची साल शिजवून खात होते. परत आणायला ती उरली नाही."

तुयाराने सांडलेला चहा पुसला. मग हळूच म्हणाली, "आणि शेजारच्या कुत्रीचं नाव... अकु..."

"कुत्र्यांना कसली नावं!" ऑग्दो ओरडली. "फसवणूक चालते कुठवर? कोणी बोलत नाही तोवर. तो मागावरचा गेलेला नाही, तुयारा. तुझी दोन पोटातच गेली. आता हा पोरगा नळीत घालून सगळ्या दुनियेला सांगणार, कोण कोणाची ते."

मित्रांनो, तुम्ही फार लांब राहता, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. खिडकीतून गेलेले ते लेकरू ऑग्दो होते, आणि तिच्याबरोबर मी होते. साखा लोक लेकरे नेणाऱ्या भुताला असेच, माणसाला कुत्रे म्हणून, चकवत आले आहेत. पण या वेळी चकवा इतका नीट बसला की गावही चकले आणि केशाही. अकुलिनाची खूण वेगळी होती. ती तिच्या बहिणींच्या लेकींकडे आहे. मी मात्र जिच्याकडून आले, तिचे घर त्याच हिवाळ्यात बंद झाले. ऑग्दोला पुढे तीन मुलगे झाले आणि एक मुलगी. ती मुलगी म्हणजे तुयाराची आई. ती वारली. माझी ही वाट आता एकट्या तुयारामधून जाते.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला तुयाराच्या पोटात कळा सुरू झाल्या. फार लवकर. नवरा दूर हिऱ्यांच्या खाणीवर पाळीला होता. तालुक्याचे रुग्णालय नदीपलीकडे, आणि एप्रिलच्या उन्हाने नदीवरचा बर्फाचा रस्ता वरून ओला झाला होता. गावात त्या वेळी चालू असलेली गाडी एकच होती. केशा धावत दाराशी आला.

"आजी, तुयारा कुठे आहे? जीप लावलीय."

ऑग्दो दार अडवून उभी होती. "कोण तुयारा? इथे कोणी तुयारा नाही. कुत्री व्यायला झालीय, ती घेऊन जायची तर जा. मागच्या बाजूने. खिडकीशी."

केशा शिकलेला माणूस होता, पण त्यालाही आजी होती. त्याने आवाज चढवला, कोणाला तरी लांबवर ऐकू जावा तसा. "बरं आजी! कुत्री तर कुत्री! पण चावली तर तुम्ही बघा!"

मागे जाऊन पाहतो तर हिवाळाभर कागदाच्या पट्ट्यांनी बंद केलेली खिडकी उघडी होती. फटीतला कापूस बर्फात पडला होता. आतून स्टूल लावलेले, आणि तुयारा चौकटीवर बसून एकाच वेळी कण्हत आणि हसत होती.

"हसू नकोस गं!" आतून ऑग्दो कुजबुजली. "कुत्री हसते का?"

"आजी, पोट अडकलंय माझं!"

"आडवी हो. केशा, धर नीट. पिशवी नाही ती."

तुयारा बाहेर पडली. ऑग्दोने मोयतोला उचलून तिच्या पलंगावर ठेवले आणि त्याच्यावर रजई ओढली. मग खिडकीतून डोके बाहेर काढून केशाला हाक मारली.

"थांब. काडी आण."

"आता? आजी, राहू द्या. मला नको."

"तू गाडी दिलीस. मी कोणाचं फुकट घेत नाही. आण म्हणते ना."

तिने तोंड उघडले. केशाने काडी फिरवली. अशी मी थंडीत आले आणि लगेच नळीत गेले.

"नाव मोयतोचं लिही," ऑग्दो म्हणाली.

"आजी, आम्ही नावं लिहीत नाही. आकडा लिहितो."

"आकड्यावरून माणूस सापडतो. मोयतो लिही."

त्याने तिच्यासमोर मोयतो असे लिहिले. जीप नदीकडे निघाली. बर्फावरच्या पाण्यातून चाकांचा आवाज बराच वेळ येत होता.

मित्रांनो, तुम्हीही कोणाच्या तरी अंगातली खूण पुढे आणली आहे. आजीच्या आईचे नाव विचारा, तिच्या आईचेही विचारा. आम्हाला कोणी विचारत नाही. पण आजी गप्प बसली तर तिला टोचू नका. कधी कधी त्या गप्प बसण्यावरच कोणीतरी जगलेले असते.

आज दुपारपर्यंतची माहिती अशी आहे. नळी याकुत्स्कच्या प्रयोगशाळेत पोचली आहे. हा नमुना माणसाचा की कुत्र्याचा, असे तिथल्या मुलीने केशाला विचारले आहे. त्याने अजून उत्तर दिलेले नाही. रुग्णालयातून त्याने ऑग्दोला फोन केला होता.

"आजी, कुत्री व्याली. दोघं बरी आहेत. पिल्लू बारीक आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, पण ओरडतंय जोरात."

"ओरडू दे," ऑग्दो म्हणाली.

"आणि आजी, सांगू का, नर आहे की..."

"गप! फोनवर नको. बाळसं धरेपर्यंत बोलायचं नाही."

केशाने फोन ठेवला.

मी त्या पेटीतही आहे. पण मुलगा की मुलगी हे जिथे ठरते ती पेशीतली आतली खोली वेगळी. मी कायम बाहेरच्या पडवीत राहत आले आहे. त्या दाराच्या आत मला कधी घेतले नाही. माझी पुढे वाट आहे की नाही, ते मलाही ठाऊक नाही. ऑग्दोने खिडकीच्या फटीत नवा कापूस भरला आहे. मोयतो अजून रजईखाली आहे.