संध्याकाळच्या गाडीपर्यंत

“टोपी घेतलीस का?” नवऱ्याने विचारले आणि विचारल्यावर त्यालाच कसेसे झाले.

“घेतली,” धाकटी म्हणाली.

पन्नाशी उलटली तरी ती धाकटीच होती. माहेरी पडलेले नाव सासरीही चिकटले, ते कायमचेच. सकाळी ती दात घासत असताना दादाचा फोन आला. आई गेली. झोपेतच. चहा घेऊन गेलो तर... एवढे बोलून दादा रडायला लागला, आणि धाकटीच्या तोंडात फेस असल्यामुळे तिला काहीच बोलता आले नाही. तिने आधी चूळ भरली. तोवर फोन बंद झाला होता.

दोघे सहलीला परक्या शहरात आले होते; परतीची गाडी संध्याकाळची. त्याआधी काहीच नव्हते. नवऱ्याने चार ठिकाणी विचारून पाहिले. लॉजची खोली मात्र सकाळीच सोडायची होती. शहरदर्शनाच्या बसची तिकिटे आधीच काढलेली, सामान बसच्या पोटात मावत होते आणि फेरी संपली की बस रेल्वे स्टेशनवरूनच जाणार होती.

“नाहीतरी दिवसभर बसायचं कुठे आपण?” तो म्हणाला. “तुला चालेल ना?”

“चालेल की.”

तिला खरेच काही वाटत नव्हते. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असून आपला नसतो, तसे सगळे अंग झाले होते.

बस भरलेली होती. पुढच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको बसली होती. बाईंच्या तोंडाला खळ नव्हता. बस सुटायच्या आत त्यांनी धाकटीला गाव, नोकरी, मुले, सगळे विचारून घेतले. धाकटीनेही सांगितले : औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, हे वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत, मुलगी परगावी नोकरीला.

“आणि आई आहे का तुम्हाला?”

“आहे,” धाकटी म्हणाली. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

गळ्यात शिट्टी अडकवलेली गाईडबाई माईकवर बोलत होती. मच्छीमारांची जुनी वस्ती आली. निळी-पिवळी घरे, दारात वाळत टाकलेली जाळी, चढावरच्या अरुंद गल्ल्या. सगळ्यांनी फोटो काढले. एका घरात दाराशीच खाट टाकून कोणी म्हातारे माणूस झोपले होते. धाकटीने पाहिले, खाटेला कठडा नव्हता.

आईच्या खाटेला कठडा तिने स्वतः सुताराकडून करून घेतला होता. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मुलगी अजून शाळकरी होती. तेव्हापासून धाकटीचे आयुष्य म्हणजे घर ते दुकान आणि दुकान ते घर. दुपारी धावत यायचे, आईला कुस्करून भरवायचे, तोंड पुसायचे, पुन्हा काउंटरला उभे राहायचे. कुणाच्या लग्नाला गेली तरी जेवणाआधी परत फिरायची. ही तिची पहिली सुटी. दादाच आग्रह करून म्हणाला होता, “जा गं, चार दिवस मी बघतो. आई काय तुझ्या एकटीची आहे?” ती निघाली तेव्हा आई रुसली होती. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, बोललीच नाही.

मत्स्यालयात दादाचा दुसरा फोन आला.

“धाकटे, इथं सगळे विचारतायत. तुझ्यासाठी थांबायचं, की आज संध्याकाळीच उरकायचं? काका म्हणतात, उगाच कशाला ताटकळायचं. तू म्हणशील तसं.”

तू म्हणशील तसं, हे दादाचे नेहमीचेच. समोरच्या काचेमागे एक चपटा मासा वाळूत पडला होता. दोन्ही डोळे एकाच अंगाला.

“सांगते,” धाकटी म्हणाली.

“लवकर सांग पण.”

नवऱ्याने विचारले, “काय म्हणतो?” तिने सांगितले. “मग थांबा म्हणावं की!” तो म्हणाला. तिने मान हलवली, पण फोन पर्समध्ये टाकला. थांबून काय करायचे, ते तिला सुचत नव्हते.

जेवायला बस थांबली तेव्हा तिने ताट चाटूनपुसून स्वच्छ केले. वर वाटीभर दही मागून घेतले. नवऱ्याचे ताट तसेच भरलेले होते. तो तिच्याकडे बघत होता आणि तिला वाटले, आपण काहीतरी चुकीचे करतोय, पण नेमके काय ते कळेना.

दुपारी टेकडीवरच्या बागेत नेले. वाफे, कारंजे, खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. लोक पांगले. पोस्टमास्तरांची बायको खालच्या पायरीवर टेकली ती तिथेच अडकली. गुडघा धरला होता. पोस्टमास्तर दोन्ही हातांनी तिचा हात ओढत होते.

“ऊठ गं, बस सुटेल!”

“अहो, ओढू नका, मेले मी!”

“हाताला ओढू नका,” धाकटी म्हणाली. ती कधी खाली उतरली, तिलाच कळले नाही. तिने आपला पाय बाईंच्या पायाला टेकवला, वाकून पाठीमागून हात घातला. “माझ्या गळ्यात हात टाका. असं. जोर तुम्ही नका लावू. हं... चला.”

बाईंचा सगळा भार तिच्या छातीवर आला. पावडरीचा आणि घामाचा वास आला. त्या उभ्या राहिल्या तरी धाकटीने पटकन सोडले नाही. तोल सावरेपर्यंत धरून ठेवले.

“अगबाई, फुलासारखं उचललंत!” बाई धापा टाकत म्हणाल्या. “घरी कुणाचं करता का हो?”

“आईचं करत होते.”

होते, हा शब्द बाहेर पडला आणि तिचा तिलाच ऐकू आला.

“आज सकाळी गेली,” ती म्हणाली.

बाईंनी तिचा दंड घट्ट धरून ठेवला. पोस्टमास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते न सुचून हातातच धरली.

धाकटी बाजूला झाली. फोन लावला.

“दादा, थांबा. मी सकाळी पोचते.”

“मग बर्फाचं बघावं लागेल.”

“बघ. आणि आईला अंघोळ मी घालणार.”

“अगं, तू दमून येणार. इथं बायका आहेत की चांगल्या.”

“त्यांना तिचा डावा खांदा माहीत नाही. हात एकदम वर घेतला की कळ जाते तिला. आधी कोपर धरायचं, मग हळूहळू...”

“आता कसली कळ, धाकटे,” दादा हलकेच म्हणाला.

“तरी पण,” ती म्हणाली. “कुणाला हात लावू देऊ नकोस.”

“नाही लावू देत. तू ये.”

शिट्टी वाजली. ती बसमध्ये चढली तेव्हा पुढच्या बाकावरचे दोघेही उठून मागे गेले होते आणि खिडकीची जागा रिकामी होती. नवऱ्याने तिला तिथे बसवले आणि शेजारी बसला. बस टेकडी उतरून किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. गाईडबाईला बहुतेक कुणीतरी सांगितले असावे. तिने माईक बंद करून ठेवला.

धाकटीने काच सरकवली. बाहेर समुद्र होता. सकाळपासून त्याच्याच कडेकडेने ते फिरत होते.