नुसती साखर

शिंपीणबाईंची गर्भपिशवी कॅन्सरपायी काढली, त्याला दोन वर्षं झाली. आजच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिकडचं सगळं स्वच्छ आहे." बाईंनी हुश्श म्हणायच्या आत डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी चढली. "पण ही साखर केवढी वाढलीय! प्रेशरही. आणि कंबर तर मागच्या वेळेपेक्षा जास्तच."

"कंबरेचं मला नका सांगू. माझेच कपडे मी उसवून सैल करतेय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "थट्टा नाही करत मी. तुमच्यासारख्या कितीतरी जणी कॅन्सरमधून सुटतात आणि पुढे हृदय दगा देतं. रोज चाला. वेळेवर जेवा. दिवसभर मशीनवर बसून राहू नका."

चाला म्हणे! कधी चालणार, डोंबल? दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, घरी येऊन ओट्याशी उभं राहायचं, आणि सगळ्यांची पानं वाढून झाली की उरलंसुरलं पोटात ढकलायचं.

कॅन्सरच्या त्या वर्षात मात्र घर सुतासारखं सरळ झालं होतं. पाण्याचा पेलासुद्धा जागेवर मागणारा नवरा स्वतः बिनसाखरेचा चहा करायचा, संध्याकाळी हाताला धरून फिरायला न्यायचा. सुनेनं स्वयंपाक अंगावर घेतला होता. मग पहिला रिपोर्ट चांगला आला आणि एकेक करत सगळं पूर्वपदावर गेलं. नवऱ्याचा गुडघा दुखायला लागला, सुनेला ऑफिसातून उशीर व्हायला लागला, ओटा पुन्हा बाईंच्या गळ्यात पडला. साखर वाढल्याचं त्यांनी दोनदा सांगून पाहिलं.

"अगं, साखर काय, घरोघरी असते," टीव्हीवरची नजर न काढता नवरा म्हणाला होता. त्या दिवशी बाईंना रडूच आलं. आजारपणात थकल्या नव्हत्या इतक्या त्या बऱ्या होऊन थकल्या होत्या.

आज दार उघडलं तेव्हाही टीव्ही चालूच होता. आतून सून म्हणाली, "आई, आलात? बरं झालं. भाजी चिरायची राहिलीय."

"काय म्हणाल्या गं डॉक्टरीणबाई?" नवऱ्यानं विचारलं.

सगळं स्वच्छ आहे, एवढंच तर सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं.

"अजून नक्की सांगता येत नाही म्हणाल्या," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं टीव्ही बंद केला. सुनेनं मुकाट्यानं सुरी हातात घेतली.

"चल, जरा पाय मोकळे करून येऊ," तो चपला शोधत म्हणाला, आणि आत ओरडला, "आल्यावर आईंना चहा दे गं. साखर घालू नकोस!"

रस्त्यावर त्यानं बाईंचा हात घट्ट धरला. त्याच्या तळव्याला घाम फुटला होता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ठरवलं, कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी पोचलो की खरं सांगून टाकायचं.

दिवा आला. दुखरा गुडघा ओढत तो त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत होता.

"दमलीस का?" त्यानं विचारलं.

केव्हाच्या दमल्या होत्या बाई.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून एक फेरी मारू."