माझे नऊ धागे

मी एक काळ्या चामड्याची बॅग बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, मी फाटलेली नाही. मला पहिल्यांदा पाहणारा हमखास "अरेरे" म्हणतो. त्याचा मला फार राग येतो.

चाळीस वर्षांपूर्वी टोकियोतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझा कर्ता विक्षिप्त म्हणूनच नावाजलेला. माझा एक पट्टा लांब, दुसरा आखूड. कडा कातडीला असतात तशाच वेड्यावाकड्या. शिवण संपली की धागा कापायचा नाही, वीतभर लोंबता ठेवायचा, हा त्याचा हट्ट. असे माझे नऊ धागे होते. जाणकार मला त्यांवरूनच ओळखत.

हातोहाती फिरत मी सुरतेच्या एका फॅशन कॉलेजात आले. तिथल्या मॅडमना दुर्मीळ वस्तू जमवायचा नाद. त्या मला हातमोजे घातल्याशिवाय शिवत नाहीत. कोणाला घरी न्यायला देणं तर दूरच. यंदा मात्र त्यांनी मला अभ्यासासाठी दोन दिवस जयश्रीच्या स्वाधीन केलं, कारण वर्गात तिचं काम सगळ्यांत सरस होतं.

जयश्री नवागामला, सुरतेतल्याच एका खानदेशी वस्तीत राहते. वडील योगराज बमरोलीच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालतात. आई सरलाबाई घरी धागा कटिंग करतात. एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे गठ्ठे येतात, त्यांचे उलट्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापायचे. एक धागा राहिला तरी साडी परत येते. कॉलेजात जयश्रीनं "पप्पांचा साड्यांचा धंदा आहे" एवढंच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रिंट काढायला बाहेर गेली. मी खुंटीवर होते. सरलाबाईंची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच खिळली. लोंबता धागा दिसला की त्यांना राहवत नाही, हे मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. माझा जीव वरखाली होऊ लागला.

त्यांनी मला मांडीवर घेतलं. मागून आणलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. मॅडमची वस्तू जरा नीट करून पाठवावी, पोरीला चांगलं म्हणतील, एवढंच त्यांच्या मनात. मी ओरडले असते, पण बॅगेला तोंड असून उपयोग काय? पहिला धागा गेला. मग दुसरा. हात इतका सराईत, की चामड्यावर ओरखडाही नाही. चौथ्यानंतर त्या थांबल्या. मला वाटलं, सुटले. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि पुढे सुरू केलं. नऊच्या नऊ गेले.

जयश्री आली आणि दारातच तिच्या हातातले कागद पडले. सरलाबाई हौसेनं म्हणाल्या, "देख, कशी नवी करी दिन्ही. तुनी मॅडम खूश हुई जाई."

मग जयश्री जे बोलली ते मला ऐकवेना. तुला काही कळत नाही, म्हणाली. तुझ्यामुळे मला कॉलेज सोडावं लागेल, म्हणाली. सरलाबाई केरातून धागे वेचू लागल्या. "मी सांगसू तुनी मॅडमले. मनी चूक शे."

"तू कॉलेजात यायचं नाही," जयश्री म्हणाली.

सरलाबाईंनी वेचलेले धागे मुठीत मिटले. मला त्यांचा राग होताच, खोटं कशाला बोलू? पण त्या क्षणी त्यांची कीवही आली.

मला परत करायला निघाली तेव्हा रिक्षात जयश्री सारखी पुटपुटत होती. उंदरानं कुरतडले म्हणावं. नाहीतर रिक्षाच्या चाकात अडकले. शेवटी उंदीरच बरा, असं तिनं ठरवलं.

मॅडमनी मला टेबलावर ठेवलं, उलटसुलट पाहिलं. मग माझ्या आत हात घातला. आतून एक कागदाची पुडी निघाली. पुडीत माझे नऊ धागे, विंचरल्यासारखे सरळ, एका गाठीत बांधलेले. सरलाबाईंनी ते कधी ठेवले, जयश्रीला पत्ता नव्हता. ती पुडीकडे पाहतच राहिली.

मॅडमनी एवढंच विचारलं, कोणी कापले?

दारात वर्गातल्या चारजणी उभ्या होत्या. जयश्रीनं एकदा तिकडे पाहिलं.

"मेरी मम्मीने, मॅम. वो घर पे धागा कटिंग करती है, नवागाम में. उसको लगा, ठीक करके देना चाहिए."

मॅडमनी तिला माफ वगैरे केलं नाही. यापुढे संग्रहातलं काही घरी न्यायला मिळणार नाही, म्हणाल्या. मग कपाटातून माझं कार्ड काढून तिच्यापुढे सरकवलं. माझ्या अंगाला कधी, कोणाच्या हातून काय झालं, ते त्यावर लिहायचं असतं. तूच लिही, म्हणाल्या. जयश्रीनं नाव पूर्ण लिहिलं: सरलाबाई योगराज महाजन. आणि कोणी सांगितलं नसताना पुढे लिहिलं, कारागीर.

आता मी काचेच्या कपाटात असते. जाणकार येतात, धागे शोधतात आणि हळहळतात. माझं मोल उतरलं म्हणतात. उतरलं असेल. जयश्रीनं घरी काय सांगितलं, हे मला कळायला मार्ग नाही. तेव्हा नवागामला जाणारं कोणी असेल, तर माझं एक काम करा. सरलाबाईंना सांगा, तुमचं नाव इथे आहे, आणि ते तुमच्या मुलीच्या अक्षरात आहे.