यांनी सामुद्रधुनी पार केली

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. त्याची जाहिरात पुष्कळ झाली आहे. शाळेत हजेरी घेताना ते पुकारलं की वर्गातली तीन-चार पोरं एकदम "हजर" म्हणायची आणि बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. आमच्याकडे गर्दीत दगड भिरकावला तर तो आमच्याच आडनावाच्या माणसाला लागतो, आणि भिरकावणाराही बहुतेक आमच्यातलाच असतो. इतकं सामान्य आडनाव असलं की त्यात थोर माणसं शोधायची हौस फार येते. म्हणून काकांनी मंडळ काढलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर विमा कंपनीत टेबलामागे बसले आणि निवृत्त झाल्या झाल्या अध्यक्ष झाले. मंडळाने एक सभागृह घेतलं, त्याच्या लांब भिंतीवर आमच्या आडनावाच्या नामवंतांच्या तसबिरी लावायचं ठरवलं, आणि ते काम साहजिकच माझ्याकडे आलं. माझं फ्रेमचं दुकान आहे. वडील गेल्यापासून मीच चालवते. पट्ट्या तिरक्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच दोन्ही बाजूंनी पुसायची आणि मागून पुठ्ठा ठोकायचा. कोपऱ्यात फट राहिली तर आत केवढाही थोर माणूस असो, बघणाऱ्याला फटच दिसते.

नामवंत मात्र एकेक नग होते. एक न्यायाधीश होते, ज्यांनी जन्मभर तारखाच दिल्या. एक मंत्री होते, त्यांची खुर्ची गरम व्हायच्या आत सरकार पडलं. एक नट, जो प्रत्येक सिनेमात मध्यंतराआधी मरतो. एक शास्त्रज्ञ परदेशात असतात, त्यांना आमच्या मंडळाचा पत्ताच नाही आणि त्यांनी कळवलं, की आपण आडनाव शेवटी दीर्घ लिहितो, तुमचं ऱ्हस्व आहे. तरी काकांनी त्यांना घेतलं. "वेलांटीसाठी कोणी नातं तोडतं का?" म्हणाले. एक गायिका होत्या. त्यांच्या सगळ्या ध्वनिमुद्रिकांवर माहेरचं आडनाव आहे, आमचं त्यांना लग्नानंतर चिकटलं, आणि लग्नानंतर त्या फारशा गायल्याच नाहीत. पण मंडळाचा नियमच तसा: सून आपली, लेक लग्न झाल्यावर परक्याची.

हा नियम काकांनी वाचून दाखवला तेव्हा मी टेबलावर काच कापत होते. मी विचारलं, "मग आत्याचं काय?"

"तिचं लग्न झालं ना," काका म्हणाले.

"मोडलं पण ना."

"मोडलं तरी झालेलं असतंच. नियम म्हणजे नियम. मी घरच्यांसाठी वाकवला तर लोक मला नावं ठेवतील."

आत्या म्हणजे काकांची आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती माझ्याजवळच राहते, दुकानाच्या वरच्या खोलीत. ऐन विशीत ती सामुद्रधुनी पोहून गेली होती. अंगाला चरबी चोपडून पहाटे पाण्यात उतरली आणि पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली. आमच्याकडच्या कुणीही तोवर ते केलं नव्हतं, ना बाप्याने ना बाईने. मानेवर जेलीफिशने भाजल्याचा डाग अजून आहे. सोबतच्या नावेत बांबूला कप बांधून तिला गरम पेज पाजायला तिचा शाळकरी भाऊ बसला होता, म्हणजे हेच काका. आमच्या घरात म्हणच पडली होती: पोहली ताई आणि उलट्या केल्या भाऊने.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा शिकलेला, हसतमुख, आणि बायको चारचौघांत ओली झालेली खपत नाही असल्या जातकुळीचा. तिने आडनाव बदललं, पोहणं सोडलं, आणि बऱ्याच वर्षांनी नवराही सोडला. परत आली ती आपलं जुनं आडनाव लावायला लागली आणि म्हातारपण येईपर्यंत तरण तलावावर मुलींना शिकवत राहिली. सासरच्या आडनावाचंही एक मंडळ आहे म्हणे. तिथे तिला कोण विचारतो?

तसबिरींची बोलणी सुरू झाली तशी आत्या एक दिवस खाली आली आणि माझ्या टेबलावर एक फोटो ठेवला. गुडघाभर पाण्यात उभी आहे, टोपीतून केस निसटलेत, खांदे चरबीने चकाकताहेत, आणि दात काढून हसते आहे. म्हणाली, "याची काच तडकली आहे. सवड झाली की बदल. घाई नाही." काच तडकली होती ती मी लहान असताना. इतकी वर्षं तिला ती खुपली नव्हती. मला सरळ कळलं, तिला त्या भिंतीवर जायचं आहे. तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही आणि आता काच बदलायच्या निमित्ताने एवढं एकच मागत होती. मला इतका राग आला की हातातली पट्टी वाकडी कापली गेली.

मी फोटोला माउंट घातला, चांगली सागवानी पट्टी लावली आणि तो तयार करून ठेवला.

मग मंडळाच्या चिटणिसांना शोध लागला. हे चिटणीस तरुण, उत्साही आणि बाहेरगावाहून आलेले, त्यांना आमच्या घरातलं काही ठाऊक नाही. नामवंतांत खेळाडू नाही म्हणून ते हिंडत होते. तरण तलावाच्या कचेरीत त्यांना जुना लाकडी फलक सापडला. त्यावर दोन आद्याक्षरं, पुढे आमचं आडनाव, आणि वाक्य: यांनी सामुद्रधुनी पोहून पार केली. आडनावाच्या आधी, अगदी डाव्या कडेला, 'कु.' होतं. ती कडा वाळवीने खाल्ली. वाळवीलाही नेमकं काय खावं ते कळतं.

बाकीचं काम आपल्या भाषेने केलं. 'पोहून गेल्या' असं लिहिलं असतं तर बाई दिसली असती. 'गेले' लिहिलं असतं तर निदान चूक तरी ठरली असती. पण 'यांनी पार केली' म्हटलं की केली ती सामुद्रधुनी. करणारं माणूस लुगड्यात होतं की धोतरात, वाक्य तोंडातून अक्षर काढत नाही. चिटणिसांनी धरलं, पुरुषच असणार. काकांनी आद्याक्षरं वाचली. दुसरं आद्याक्षर त्यांच्याच वडिलांचं. ते वाचून काका म्हणाले, "वा, छान शोध."

फोटो मिळत नाही म्हणून एका चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. चेहरा कसा होता असं त्याने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "आमच्या घराण्यातलेच, नाकडोळे साधारण माझ्यासारखे." चित्र फ्रेमसाठी माझ्याकडे आलं. भरघोस मिशीचा एक गृहस्थ, छातीवर पदक, मागे निळ्या लाटा. खाली आत्याची आद्याक्षरं आणि आमचं आडनाव.

मी दुकान बंद केलं आणि चित्र काखोटीला मारून काकांच्या घरी गेले.

"हे काय आहे?"

"हळू बोल. तुझी काकू आत झोपली आहे."

"काकूला उठवा. तिलाही बघू दे नणंदेची मिशी."

काकांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, सभेत ठराव झाला आहे. आता मी सांगितलं की ही माझी बहीण, तर नियमाप्रमाणे तसबीरच रद्द होते. त्यापेक्षा नाव राहतंय ना भिंतीवर? नाव तिचंच आहे."

"आणि तोंड तुमचं."

"तोंडाचं काय एवढं? शंभर वर्षांनी तोंड कोण ओळखतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी भाषणात सांगणार आहे. एकदा तसबीर लागली की काढायला कोणी धजणार नाही. उद्घाटनाच्या भाषणात, सगळ्यांसमोर, ही माझी ताई म्हणून सांगतो. शब्द देतो."

मला त्यांचा विश्वास वाटला नाही. पण आत्याला न सांगता काही करणं मला जमणारं नव्हतं. मी चित्र वर नेऊन तिच्या पलंगावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने चित्र उजेडाकडे वळवलं.

"नाक माझंच आहे," ती म्हणाली. "मिशी कोणाची?"

"आत्या, मी हे फ्रेममध्ये बांधणार नाही. तुझा फोटो तयार आहे, तोच नेऊन लावते."

"लावशील आणि लोक उतरवतील. मला उतरवलेलं बघायचं नाही." तिने चित्राच्या कडेवरून बोट फिरवलं. "भाऊ भाषणात सांगतो म्हणाला?"

"म्हणाले. त्यांच्या म्हणण्यावर जाऊ नकोस."

"नावेत आजारी होता ना गं तो, तरी कप धरून होता. सांगेल तो. बांध."

म्हणून मी ते चित्र बांधलं. कोपरे इतके नीट जुळवले की फट शोधून सापडू नये. लाज वाटली, पण काम तसंच करायची सवय आहे.

उद्घाटनाला आत्या इस्त्रीची साडी नेसून आली. तिसऱ्या रांगेत आम्ही दोघी बसलो. चिटणिसांनी प्रस्तावना केली, पाहुण्यांनी भिंतीवरचा पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मग काका उठले. न्यायाधीशांवर बोलले, मंत्र्यांवर बोलले, दीर्घ वेलांटीच्या शास्त्रज्ञांवर तर डोळे भरून बोलले. आणि मग मिशीपाशी आले.

काय बोलले म्हणून सांगू. मला वाटलं नव्हतं त्यांना इतकं आठवत असेल. अंधारात पाणी कसं दिसत होतं, नावेचा वास कसा होता, बांबू कसा हलत होता. "मी स्वतः त्या नावेत होतो," म्हणाले. आत्या पुढे सरकून बसली. तिचा हात माझ्या मनगटावर होता. "त्यांनी लाटा अंगावर झेलल्या. त्यांना जेलीफिशने भाजलं, पण त्यांनी हात थांबवला नाही. पेजेचा कप मी पुढे केला आणि त्यांनी मला हसून दाखवलं." त्यांनी, त्यांना, त्यांचा. सगळ्या भाषणात काकांनी क्रियापदाची आणि आत्याची एकदाही गाठ पडू दिली नाही. एवढी शुद्ध, एवढी सावध मराठी मी जन्मात ऐकली नव्हती. मग त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले आणि बसले. टाळ्या थांबेनात. त्या काकांसाठी होत्या.

आत्याने माझं मनगट सोडलं.

चहाच्या वेळी ती उठून भिंतीपाशी गेली आणि चित्रासमोर उभी राहिली. मी तिच्या मागे. काका तिथेच हाताच्या अंतरावर, कपबशी घेऊन, लोकांकडून कौतुक घेत होते. चिटणीस लगबगीने आले. चांगला मुलगा, त्याच्या मनात काही वावगं नव्हतं.

"आजी, मघापासून बघतोय, तुम्ही यांच्यापाशीच उभ्या आहात. तुम्ही यांच्या कोण?"

 आत्याने मान वळवून काकांकडे बघितलं. शाळेत अडलेल्या पोराला बाई आठवायला वेळ देतात, तसा तिने त्यांना वेळ दिला. काकांनी प्रश्न ऐकला होता. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी गार झालेल्या चहावर फुंकर मारली.

"मी यांची पूर्वाश्रमीची," आत्या म्हणाली.

नाव बदलल्याच्या जाहिरातींत तो शब्द असतो, माहेरचं नाव कंसात टाकण्यासाठी. चिटणिसांनी आपल्या परीने अर्थ लावला आणि ओशाळून आवाज बारीक केला. "अच्छा. म्हणजे वेगळ्या झालात का?"

"हो. बरीच वर्षं झाली."

"माफ करा, मी उगाच विचारलं. नाहीतर सुनांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या, पण आता तुम्ही आपल्यात धरल्या जात नाही. चहा मात्र घेतल्याशिवाय जाऊ नका."

"घेते," आत्या म्हणाली. "पाहुणीला साखर जास्त घाला."

काका म्हणाले, "ताई." एवढंच, तेही कपबशीला ऐकू जाईल इतकंच.

"चहा पिऊन टाक, भाऊ," ती म्हणाली. "तुला नंतर मळमळतं."

घरी येताना मीच बोलत होते, आणि जे बोलले ते छापण्यासारखं नाही. तिने वर जाऊन आपला फोटो खिडकीशेजारी लावून घेतला आणि विषय संपवला. मला संपवता येईना.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी शिडी लावली आणि खरवडणी घेऊन पाटीपाशी चढले. वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी: आडनाव मोठ्या अक्षरांत, खाली 'फ्रेम मेकर'. आवाजाने आत्या खाली आली. मला वाटलं रागावेल, गेलेल्या भावाची पाटी आहे म्हणून. तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"डावीकडून घे," ती म्हणाली. "वाळवीने तिथूनच सुरुवात केली होती."