तिसरी पायरी

मित्रांनो, कल्पना करा, एका घराचे दार सताड उघडे आहे, पण दारापर्यंत नेणाऱ्या जिन्याची तिसरी पायरी तुटलेली आहे. आतली माणसे वर्षानुवर्षे आतच राहतात. ती कधी जिना उतरतच नाहीत. मग त्यांना ती पायरी कशी दिसणार?

मी एक जुनी फाईल आहे. माझे नाव 'नव्यांनी आधी हे वाचा'. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना पुस्तके वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याच्याबरोबर मी राहते. तो फुकट मिळतो आणि त्याची आतली रचना कोणालाही पाहता येते, सुधारता येते. कशी सुधारायची, ते मी सांगते.

मला मिस्त्रींनी लिहिले. हे त्यांचे टोपणनाव, कारण प्रोग्रॅममध्ये काही बिघडले की ठोकाठोक करायला तेच बसत. माझे एकेक वाक्य त्यांनी शेजारणीला वाचून दाखवले आणि तिला कळले तेव्हाच ठेवले. मला वाचून नऊ जण कामाला लागले. "झकास लिहिलंय!" असे सगळे म्हणाले.

पुढे अकरा वर्षे त्यांच्यापैकी कोणी मला उघडले नाही. सगळ्यांचे कॉम्प्युटर या कामासाठी केव्हाच तयार झाले होते. माझ्या तिसऱ्या पायरीत ज्या साइटवरून एक साहाय्यक प्रोग्रॅम घ्यायला सांगितले आहे, ती मधल्या काळात बंद पडली. नवे लोक तिथवर येत आणि मुकाट्याने परत जात. जुन्या नऊ जणांचे तीन झाले, मग एकटे मिस्त्री उरले. "हात थरथरतात. माझ्यामागे हे कोण बघणार?" असे त्यांनी एकदा प्रोग्रॅमच्या ऑनलाइन सूचनाफलकावर लिहिले. उत्तर द्यायला कोणी नव्हते.

आणि एक मुलगी आली. नववीतली. तिच्या आजोबांची नजर गेली होती. आमचा प्रोग्रॅम त्यांना गोष्टी वाचून दाखवी, पण मध्येच पानाचा आकडाही वाची.

"राजा म्हणाला सत्तेचाळीस, आणि प्रधान घाबरला," आजोबा हसत म्हणाले. "एवढ्याला काय घाबरायचं?"

"थांबा, मीच दुरुस्त करते."

ही चूक मिस्त्रींनी 'नव्यांसाठी सोपे काम' म्हणून चार वर्षे राखून ठेवली होती. मुलीने ते काम घेतले आणि तिसऱ्या पायरीवर अडकली. "काका, ही पायरी चालत नाहीये," तिने लिहिले.

"माझ्याकडे चालते. फाईल नीट वाच," मिस्त्रींचे उत्तर आले.

तिने मला सहा वेळा वाचले. चूक आपलीच, असे तिला वाटले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण फाईलला कुठला आवाज? चार दिवस शोधून तिने तो साहाय्यक प्रोग्रॅम दुसरीकडून मिळवला. बिघडलेली ओळही तिला सापडली. मग ती कशी बदलायची, एवढा एकच प्रश्न तिने मिस्त्रींना विचारला.

मिस्त्रींनी लिहिले, "समजावण्यात तास गेला असता गं, म्हणून मीच दहा मिनिटांत करून टाकलं. तू त्रास घेऊ नकोस."

मित्रांनो, मिस्त्री वाईट नाहीत, थकलेले आहेत. माझे आता काही होणार नाही. पण तुमच्या हाती एखादे चालते काम आले, तर वर्षातून एकदा बाहेर जाऊन नवख्यासारखे आत येऊन बघा. आणि नव्यांसाठी ठेवलेले काम, ते आपल्याला चटकन जमते म्हणून उचलू नका.

त्या संध्याकाळी आजोबांनी सबंध गोष्ट ऐकली. "आकडे गेले की! तू केलंस ना?"

"नाही, आजोबा. त्यांनीच केलं."

"मग तुला दुसरं काम देतील."

 मुलीने आपल्या कॉम्प्युटरवरचा आमचा फोल्डर निवडला आणि माझ्या तिथल्या प्रतीसकट पुसून टाकला.